पदव्युत्तर विद्यार्थ्यांबरोबर आरोग्य-उपकरणांचे डिझाइन प्रकल्प : पुण्यातल्या डॉक्टर, सिस्टर आणि संस्थांचे नेहमीचे प्रश्न

पुण्यातले दवाखाने, रुग्णालयं, फिजिओथेरपी सेंटरं आणि आरोग्यावर काम करणाऱ्या छोट्या संस्था यांची डिझाइन-इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांशी गाठ घालून देण्याचं काम मी करते. खालचे प्रश्न फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि एकदोनदा तर रुग्णालयाच्या लिफ्टमध्ये विचारले गेलेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय. कायद्याबद्दल जे लिहिलंय ते वाट दाखवण्यापुरतं आहे. सही करण्याआधी आपल्या वकिलांना आणि एथिक्स कमिटीला (संशोधनात माणसांचं हित सांभाळलं जातं का हे तपासणाऱ्या समितीला) विचाराच.

१. पदव्युत्तर विद्यार्थी म्हणजे कोण? शिकाऊ डॉक्टर का?

असू शकतात, पण बहुतेक वेळा नसतात. एमडेस (डिझाइनचं मास्टर्स) करणारे डिझायनर, एमटेकवाले (इंजिनिअरिंगचं मास्टर्स), एमपीएचवाले (सार्वजनिक आरोग्याचं मास्टर्स), फिजिओथेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपीचं मास्टर्स करणारे असे सगळे यात येतात. शिवाजीनगरचं सीओईपी (तंत्रज्ञान विद्यापीठ), लोणी काळभोरची एमआयटी डिझाइन संस्था, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा आरोग्यविज्ञान विभाग, लवळ्याचं सिंबायोसिस, अशी ठिकाणं शहरात आणि शहराच्या कडेला आहेत.

प्रत्येकाचा पिंड वेगळा. डिझायनर पहिला आठवडा नुसता कोपऱ्यात बसून बघतो आणि तुम्हाला वाटतं हा काही करतच नाही. एमटेकवाला पहिल्याच दिवशी टेप काढून मोजायला लागतो. एमपीएचवाली विचारते, हा त्रास महिन्याला किती पेशंटना होतो, आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. दोन वेगळ्या शाखांची जोडी मिळाली तर सोडू नका.

२. माझं कोथरूडला दहा खाटांचं नर्सिंग होम आहे. आमच्याकडे कशाला येतील, त्यांना मोठी रुग्णालयं हवी असणार?

मोठ्या रुग्णालयात परवानगीची फाईल चार टेबलांवरून फिरते. तुमच्याकडे तुम्ही हो म्हटलं की सोमवारी काम सुरू. शिवाय दहा खाटांच्या ठिकाणी एकच सिस्टर ड्रेसिंग करते, औषधं काढते, बिलाचे कागद लावते आणि नातेवाइकांना उत्तरं देते. कामाच्या या एकमेकांत अडकलेल्या कड्या डिझायनरला इथे एका जागेवरून दिसतात. तुमची एकच मोठी अडचण एथिक्स कमिटीची, ती प्रश्न ८ मध्ये.

३. माझ्याकडे कल्पना तयार आहे. फक्त ॲप बनवून हवंय. मुलं देतील ना?

कल्पना घेऊन येऊ नका, अडचण घेऊन या. हे मी इतक्या वेळा म्हणते की घरचे मला चिडवतात.

एका रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डातून मागणी आली होती: सलाईन संपत आलं की वाजेल असा अलार्म हवा. दोन मुलींनी तपकीर गल्लीतून लोड सेल (वजन ओळखणारा सेन्सर), बझर आणि बॅटरीचा डबा आणला, प्लॅस्टिकच्या साबणदाणीत सगळं बसवलं आणि तीन आठवड्यांत वस्तू तयार. चालायचीही छान. रात्रपाळीच्या सिस्टरनी ती एकदा वाजू दिली. दुसऱ्यांदा वाजली तेव्हा बटण बंद केलं आणि म्हणाल्या, "बाळांनो, इथे मॉनिटर वाजतो, सिरिंज पंप वाजतो, बेल वाजते, नातेवाईक वाजतात. आता हेपण?"

मग मुली चार रात्री वॉर्डात बसल्या. सिस्टरचं लक्ष नसायचं असं काही नव्हतं. टोकाच्या सहा खाटांवरच्या बाटल्या त्यांच्या टेबलावरून दिसतच नव्हत्या, मध्ये खांब होता. शेवटी जे बनलं ते म्हणजे स्टँडला अडकवायचा स्प्रिंगचा हूक. बाटली हलकी झाली की स्प्रिंग आखडते, लाल पट्टी खांबाच्या वर डोकावते. बॅटरी नाही, आवाज नाही. वॉर्डातल्या मावशी ती स्पिरिटने पुसून ठेवतात. मागणीच्या कागदावरचा 'अलार्म' हा शब्द खोडायला आम्हाला पाच आठवडे लागले.

ॲपचंही तसंच. कधीकधी ॲप हेच उत्तर असतं, नाही असं नाही. पण ग्लोव्ह्ज घातलेल्या हाताने ते उघडायचं कसं, हे आधी विचारा.

४. मग अडचण लिहून कशी पाठवू? फॉरमॅट आहे का?

फॉरमॅट नाही. अर्धं पान पुरतं. एका सर्जननी पाठवलेला मजकूर मी नमुना म्हणून सगळ्यांना दाखवते (त्यांची परवानगी घेतली आहे):

"आमच्या ओपीडीत मंगळवारी आणि शुक्रवारी मधुमेहाच्या पायाच्या जखमांची ड्रेसिंग होतात. पेशंट स्टुलावर पाय ठेवतो, सिस्टर वाकून किंवा जमिनीवर बसून ड्रेसिंग करते. दहाव्या पेशंटनंतर तिची कंबर धरते. उंच टेबल आणून पाहिलं, म्हाताऱ्या पेशंटना पाय तितका वर नेता येत नाही. खोली सहा बाय आठ फूट. फरशीला मोरीकडे उतार आहे, त्यामुळे चाकं नकोत."

यात उपाय कुठेच सुचवलेला नाही. काय करून पाहिलं आणि ते का फसलं, हे आहे. कोणाची कंबर दुखते हेही आहे. आणि शेवटची ओळ, फरशीच्या उताराची, तिने मुलांचा निदान महिना वाचवला. "रुग्णसेवेची गुणवत्ता उंचावण्यासाठी नावीन्यपूर्ण तंत्रज्ञान हवे" असं पत्र आलं तर मी उत्तरादाखल हाच उतारा पाठवते.

५. केव्हा विचारायचं आणि किती दिवसांत काम होतं?

एमडेस आणि एमटेक दोन वर्षांचे असतात. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प साधारण जुलै-ऑगस्टमध्ये ठरतो आणि मे-जूनमध्ये संपतो. म्हणून मे महिन्यात विचारा. नोव्हेंबरात फोन केलात तर चांगली मुलं आधीच कुठेतरी बांधली गेलेली असतात.

लहान काम असेल तर एका सेमिस्टरचा प्रोजेक्ट चालतो. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचं काम धरतात. चार क्रेडिटचा प्रोजेक्ट म्हणजे माणशी १२० तास. त्यातून लोणीहून येण्याजाण्याचा वेळ, जर्नल आणि गाईडच्या दुरुस्त्या वजा करा, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष किती तास मिळतात ते कळेल. दिवाळी आणि परीक्षा वेगळ्याच. पेठांतल्या रुग्णालयात काम असेल तर गणपतीच्या दहा दिवसांत काहीही ठरवू नका; मुलं पोचतच नाहीत, आणि पोचली तर ढोलपथकाच्या सरावाला पळतात.

६. पैसे किती द्यावे लागतात?

शिकण्याचा भाग म्हणून काम करणाऱ्या विद्यार्थ्याला पगार देण्याची सक्ती नसते. पण सामान, प्रवास आणि चहा-जेवण हे तुम्ही द्यावं असं माझं ठाम मत आहे. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये एक भाग तीनदा करून घ्यावा लागतो, कारण पहिले दोन चुकणारच. तो खर्च एकवीस वर्षांच्या मुलीने आईकडून मागून करावा हे बरोबर नाही.

तुमचा खरा खर्च वेळेचा आहे. आठवड्यातून एक तास, तोही राउंडच्या मधला उरलेला नाही तर ठरवलेला, देता येत नसेल तर प्रकल्प घेऊ नका. विद्यार्थी म्हणजे स्वस्तात मिळालेली एजन्सी या समजुतीने जे येतात ते दोन महिन्यांत मुलांना कंटाळतात आणि मुलं त्यांना.

७. मुलांना वॉर्डात कसं सोडायचं? काही नियम?

ओळखपत्र, बंद बूट, केस बांधलेले, आणि वॉर्डाच्या सिस्टर इन्चार्जशी आधी ओळख. डॉक्टरांनी हो म्हटलं म्हणजे सिस्टरनी हो म्हटलं असं होत नाही.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. वॉर्डात वावरणाऱ्या विद्यार्थ्याने हेपॅटायटिस बीची लस घेतलेली असावी, आणि तिचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिने असे असतात. म्हणजे प्रकल्प ऑगस्टात सुरू करून लस ऑगस्टातच सुरू केली तर तिसरा डोस फेब्रुवारीत. प्रवेश झाल्याझाल्या सुरू करायला सांगा. सुया, ड्रेसिंगचा कचरा, लाल-पिवळ्या पिशव्या यांना हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवशी सिस्टरच्या तोंडून ऐकवा. माझ्या तोंडून ऐकलेलं ती विसरतात.

८. हे काही औषधाचं ट्रायल नाही. एथिक्स कमिटी लागतेच का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला आणि सगळ्यात जास्त वेळा चुकलेला प्रश्न.

आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं माणसांचा सहभाग असलेल्या सगळ्या आरोग्य संशोधनाला लागू आहेत. विद्यार्थ्यांचे प्रबंध त्यातून सुटत नाहीत. आणि 'माणसं' म्हणजे फक्त पेशंट नव्हेत. सिस्टरची मुलाखत घेतली, मावशींचं काम व्हिडिओवर टिपलं, नातेवाइकांकडून फॉर्म भरून घेतला, तर तेही आलं. रिकाम्या खोलीत टेबलाची उंची मोजली, स्टँडचे फोटो काढले, कंपनीचं मॅन्युअल वाचलं, त्यात माणूस नाही.

घाबरण्यासारखं त्यात फार नसतं. तपासणीच्या तीन पातळ्या आहेत: धोका जवळजवळ नसेल तर सूट, किरकोळ धोका असेल तर जलद तपासणी, बाकीच्यांना पूर्ण बैठक. पण सूट द्यायची की नाही हेही कमिटीच ठरवते. तुम्ही, मी किंवा गाईड नाही. अर्ज करावाच लागतो.

कमिटीत सात ते पंधरा सदस्य असतात, निर्णयाला निदान पाच हजर लागतात, आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. एवढ्या जणांना एका दुपारी एकत्र बसवणं सोपं नाही, म्हणून बैठका लांबतात. कमिटीची आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी आहे ना, हे विचारून घ्या.

नर्सिंग होमची स्वतःची कमिटी नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या कमिटीशी करार करून तिच्याकडून तपासून घेता येतं. बहुतेक वेळा विद्यार्थ्याच्या कॉलेजकडे किंवा त्या कॉलेजशी जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे अशी कमिटी असते. आधी त्यांना विचारा.

काम झाल्यावर मागच्या तारखेने मंजुरी मिळत नाही. एका टीमने वीस मुलाखती आधी घेतल्या, अर्ज नंतर केला. त्या वीस मुलाखती प्रबंधात वापरता आल्या नाहीत. मुलगा रडला होता, आणि चूक निम्मी माझी होती, कारण मी तारीख विचारली नव्हती.

९. पेशंटची सही घेतली की झालं ना?

सही हा शेवटचा भाग. आधीचा भाग समजण्याचा.

एका माहितीपत्रकात इंग्रजीवरून उतरवलेलं वाक्य होतं: "आपण कोणत्याही क्षणी माघार घेऊ शकता." आजींनी चष्मा वर करून विचारलं, "माघार म्हणजे? दवाखाना सोडून जायचं?" वाक्य बदललं: "मध्येच नको वाटलं तर सांगा, आम्ही थांबू. तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही." तुमच्या वॉर्डातल्या मावशींना पत्रक मोठ्याने वाचायला सांगा. त्या जिथे अडखळतील ती ओळ परत लिहा.

दुसरं, तुमच्या पेशंटला तुम्ही स्वतः विचारू नका. डॉक्टरांना नाही म्हणणं लोकांना जमत नाही. तुम्ही खोलीबाहेर गेल्यावर दुसऱ्या कुणीतरी विचारावं.

वाचता न येणाऱ्या व्यक्तीचा अंगठा घेताना तटस्थ साक्षीदार हवा. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागतेच, शिवाय मुलाचाही होकार: सात ते बारा वयात तोंडी, बारा ते अठरा वयात लेखी.

१०. जुने केसपेपर, एक्स-रे, जखमांचे फोटो मुलांना देऊ का? नाव खोडून देतो.

नाव खोडणं पुरत नाही. केसपेपर नंबर, मोबाइल, चौदा आकडी आभा (डिजिटल आरोग्य खात्याचा) क्रमांक, पत्ता, दाखल झाल्याची तारीख, गोंदण, मंगळसूत्राचं पेंडंट, पाठीमागच्या भिंतीवरचं कॅलेंडर, हे सगळं ओळख पटवतं. सीटी किंवा एमआरआयच्या डायकॉम (वैद्यकीय चित्रांचा फॉरमॅट) फाईलमध्ये तर चित्राच्या आत नाव-वय लपलेलं असतं. पडद्यावर दिसत नाही म्हणून फाईलमध्ये नाही असं समजू नका. तालुक्याच्या गावातला दुर्मिळ आजाराचा एकच पेशंट असेल तर नुसत्या निदानावरूनही लोक ओळखतात.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतात. दंडाची तरतूद २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. मशीन लर्निंगचं काम असेल तर आयसीएमआरने २०२३ मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी वेगळी नैतिक तत्त्वं दिली आहेत, ती गाईडने वाचलेली असावीत.

माझा साधा नियम: फाईल रुग्णालयाच्याच संगणकावर राहते, मुलं तिथे येऊन बघतात. व्हॉट्सॲपवर फोटो नाही. "सर, एकच पाठवा ना" यालाही नाही.

११. प्रोटोटाइप तयार आहे. पेशंटला फक्त पाच मिनिटं लावून बघू?

नाही.

वैद्यकीय उपकरण नियम २०१७ चे आहेत आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. त्यांच्याखाली चाचणीपुरती थोडी उपकरणं बनवायलाही चाचणी परवाना असतो, आणि नव्या उपकरणाचा माणसांवर क्लिनिकल अभ्यास करायचा तर केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची परवानगी लागते. एथिक्स कमिटीची वेगळी. एका सेमिस्टरच्या मुलांनी या वाटेला जाऊ नये असं मी सांगते.

आणि जाण्याची गरजही फारशी पडत नाही. पुठ्ठ्याचा नमुना घेऊन सिस्टरबरोबर रिकाम्या खाटेवर तालीम करा. नर्सिंग कॉलेजात मॅनिकिन (सरावाचे पुतळे) असतात, विचारलं तर वापरू देतात. हँडल हातात बसतं का, एका हाताने उघडतं का, अंधारात सापडतं का, हे सगळं पेशंटशिवाय कळतं.

वस्तू धुतली जाणार कशी, हे तर पहिल्या आठवड्यातच कळायला हवं. एका मुलाने थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लॅस्टिकमध्ये सुंदर हँडल बनवलं होतं. पीएलए साठेक अंशांनाच मऊ पडतं, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) १२१ अंशांवर चालतो. सीएसएसडीतल्या (उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या विभागातल्या) मामांनी ट्रे बाहेर काढला तेव्हा हँडलचा भाजलेला पापड झाला होता. मामा म्हणाले, "मला विचारायचं की." दुसऱ्या दिवशीपासून तो मुलगा रोज अर्धा तास सीएसएसडीत बसला. शिवाय थ्रीडी प्रिंटच्या थरांमधल्या खाचांत घाण अडकते आणि हायपोक्लोराइटने (जंतुनाशक द्रावणाने) पुसूनही निघत नाही.

विजेवर चालणारं काहीही असेल तर भिंतीच्या प्लगला लावून माणसाजवळ नेऊ नका. गळतीचा प्रवाह (उपकरणातून माणसाच्या अंगात जाऊ शकणारी वीज) किती चालतो, ते आयईसी ६०६०१ या मानकात दिलेलं आहे. बॅटरीवर चालवा, आणि चार्जिंगला असताना वापरायचं नाही असं वर लिहून चिकटवा.

१२. पण आमची वस्तू 'मेडिकल डिव्हाइस' आहे की नाही, हे कसं कळणार? ॲपपण येतं का त्यात?

वस्तू कशासाठी आहे असं तुम्ही म्हणता, त्यावर ते ठरतं. निदान, उपचार, रोगावर देखरेख असा दावा केला की ती त्यात आली. सॉफ्टवेअरही येतं. चालण्याची पावलं मोजणारं ॲप एक, आणि "पार्किन्सनचा धोका ओळखतं" असं म्हणणारं तेच ॲप दुसरं. मुलांच्या पोस्टरवरची उत्साहाची ओळ वाचून घ्या, ती बहुतेक वेळा वस्तूला वरच्या वर्गात नेऊन बसवते.

धोक्याप्रमाणे चार वर्ग आहेत. अ वर्गात शोषक कापूस, ड्रेसिंगसारख्या वस्तू. ब मध्ये थर्मामीटर, बीपीचं यंत्र. क मध्ये इम्प्लांट्स. ड मध्ये हृदयाच्या झडपा. अ आणि ब साठी परवाना १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि क, ड साठी १ ऑक्टोबर २०२३ पासून सक्तीचा झाला. उत्पादनाचा परवाना पहिल्या दोन वर्गांना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो, बाकीच्यांना केंद्राकडून. अ वर्गातल्या निर्जंतुक नसलेल्या आणि काही न मोजणाऱ्या वस्तूंना परवान्यातून सवलत आहे, नोंदणी मात्र करावी लागते.

विकायचं नसेल, फक्त प्रबंधापुरतं असेल, तरी प्रश्न ११ लागू आहे.

१३. पेटंट कोणाचं? कल्पना तर माझी होती.

अडचण तुमची होती, हे नक्की. उपाय शोधण्यात ज्याच्या डोक्याचा वाटा आहे तो शोधक. विद्यार्थी कॉलेजचा नोकर नसतो, पण बहुतेक कॉलेजांचं स्वतःचं बौद्धिक संपदा धोरण असतं आणि प्रवेशाच्या वेळी मुलांनी त्यावर सही केलेली असते, बहुधा न वाचता. ते धोरण मागवा. मग एका पानावर लिहा: शोधक कोण, अर्जदार कोण, खर्च कोण करणार, पैसे आलेच तर वाटणी कशी, आणि रुग्णालयाला स्वतःच्या वापरासाठी वस्तू फुकट करता येईल की नाही. शेवटचा मुद्दा लोक विसरतात आणि तुमच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा.

एका ठिकाणी हा करार सात महिने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला. सही झाली तेव्हा मुलगी सबमिशन करून नोकरीला लागली होती. म्हणून एका पानाच्या वर जाऊ नका.

सगळ्यात मोठा धोका प्रदर्शनाचा. कॉलेजच्या एक्झिबिशनमध्ये वस्तू मांडली, पोस्टर लावलं, इन्स्टाग्रामवर व्हिडिओ टाकला, की नवेपणा गेला आणि पेटंटही. कायद्यात मोजके अपवाद आहेत, कॉलेजचं प्रदर्शन त्यात आपोआप बसत नाही. आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करा. पूर्ण अर्जाला त्यानंतर बारा महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सूट आहे. उपचाराची पद्धत आणि नुसता संगणक प्रोग्रॅम यांना भारतात पेटंट मिळत नाही. वस्तूचा फक्त आकार-रूप नवं असेल तर डिझाइन नोंदणी पाहा, ती दहा वर्षांची असते आणि पाच वर्षांनी वाढते.

खरं सांगू? दहातल्या नऊ प्रकल्पांत पेटंट घेण्यासारखं काही नसतं आणि वस्तू तरीही कामाची असते. सलाईनच्या हुकाचं आम्ही काहीच घेतलं नाही.

१४. एनडीएवर (गोपनीयतेच्या करारावर) सही घेऊ का?

पेशंटच्या माहितीसाठी घ्या. बाकीच्यासाठी जपून, कारण मुलांना व्हायवात (तोंडी परीक्षेत) काम उघड दाखवावं लागतं आणि नोकरीच्या मुलाखतीत पोर्टफोलिओ. काय दाखवायचं नाही ते नेमकं लिहा. "सर्व माहिती गोपनीय" असं लिहिलंत तर गाईड प्रकल्पच नाकारतील.

१५. सबमिशन झालं, मुलं गेली. वस्तू कपाटात पडून आहे. आता?

हे प्रकल्प संपायच्या आधी विचारायला हवं होतं, पण सगळे नंतरच विचारतात. शेवटचे दोन आठवडे हस्तांतरणासाठी राखून ठेवा. ड्रॉइंगच्या मूळ फाईली, भागांची यादी आणि ते कुठल्या दुकानातून आणले, कोड, आणि काय चालत नाही याची प्रामाणिक यादी मागा. प्रबंधात यश असतं, अपयश मुलांच्या डोक्यात असतं. ते कागदावर उतरवून घ्या. वॉर्डात वस्तू कोण पुसणार, कोण चार्ज करणार, स्प्रिंग सैल झाली तर कुठे न्यायची, हे नावानिशी ठरवा.

पुढे न्यायचं असेल तर पुढच्या बॅचला तोच प्रश्न परत द्या. दुसऱ्या वर्षाची मुलं पहिल्यांच्या चुकांवर सुरू करतात आणि लांब जातात. उत्पादन म्हणून पाहायचं असेल तर आयआयटी मुंबईत २०१४ मध्ये सुरू झालेल्या बेटिक केंद्राची शाखा सीओईपीत आहे, तिथे वैद्यकीय उपकरणांचंच काम होतं. पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं, नव्या उद्योगांना आधार देणारं व्हेंचर सेंटर बायरॅकच्या (जैवतंत्रज्ञान उद्योगाला मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) बिग अनुदानासाठी अर्ज करणाऱ्यांना हाताशी धरतं. ते अनुदान ५० लाखांपर्यंत, अठरा महिन्यांसाठी असतं. पण त्यासाठी कुणीतरी पूर्ण वेळ मागे लागावं लागतं. तुमची ओपीडी सांभाळून ते होत नाही.

१६. मुळशीकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, आशाताईंबरोबर करता येईल का?

येईल. जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र लागतं. शहरातल्या मनपा दवाखान्यासाठी मनपाच्या आरोग्य विभागाचं. एथिक्स कमिटी सुटत नाही.

आशाताईंना कामागणिक मोबदला मिळतो. तुमच्या मुलांना मुलाखत देण्यात गेलेला तास त्यात धरलेला नसतो. तो तुम्ही द्या आणि अर्जात तसं लिहा. आणि त्यांच्याकडे आधीच किती ॲप्स आणि रजिस्टरं आहेत ते मोजून मगच नवं काही सुचवा.

१७. परदेशातल्या विद्यापीठाची मुलं उन्हाळ्यात येऊ म्हणतायत.

संशोधनात परदेशी संस्था, परदेशी पैसा किंवा डेटा-नमुने बाहेर नेणं असेल तर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता लागते. आठ आठवड्यांच्या भेटीत ती बसत नाही. इथल्या मुलांच्या चालू प्रकल्पात त्यांना पाहायला, नमुने बनवायला घ्या, माहिती गोळा करायला नको.

१८. चाचणी करताना विद्यार्थ्याला कोणाची तब्येत गंभीर दिसली तर? त्याने सांगायचं का?

हा प्रश्न एकदाच आला, पण तो आला त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हतं.

बीपीच्या कफचं नवं बकल तपासायचं होतं. एका हाताने लावता येतं का, एवढंच. कमिटीची मंजुरी होती, कर्मचारी स्वतःहून तयार झाले होते. यंत्र बाजारातलंच होतं. तिसऱ्या क्रमांकावर वॉर्डातल्या मावशी बसल्या. आकडा आला १९०/११०. मुलगा गोंधळला, म्हणाला, "बहुतेक बकलमुळे चुकलं," आणि वहीत बकल बसायला किती सेकंद लागले ते लिहून पुढच्यांना बोलावलं. मावशी उठून पोछा मारायला गेल्या. अर्ध्या तासाने त्याने मला सहज सांगितलं. सिस्टरनी मावशींना बसवून दुसऱ्या यंत्राने परत दोनदा घेतलं, आकडा जवळपास तोच. त्या दिवशी त्यांना ओपीडीत दाखवलं आणि गोळ्या सुरू झाल्या.

आता प्रत्येक अर्जात आम्ही एक परिच्छेद घालतो. विद्यार्थी निदान करत नाही, धीर देत नाही, "मशीन चुकलं असेल" असंही म्हणत नाही. तो चाचणी थांबवतो आणि ठरलेल्या एका व्यक्तीला तिथल्या तिथे बोलावतो. त्या व्यक्तीचं नाव आणि फोन त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर असतो. संमतीच्या पत्रकातही लिहिलेलं असतं की असं काही दिसलं तर तुम्हाला सांगितलं जाईल. मुलांची वही मी पहिल्या दिवशी उघडून बघते, पहिलं पान कोरं असेल तर वॉर्डात सोडत नाही.